पंचनाम्याचे फोटो

परवा एका पोराचा फोन आला. नवा कॅमेरा घेतलाय. "काका, पुराचे फोटो काढायला कुठं उभं राहिलं की भारी फ्रेम मिळते?" राग आला नाही. कारण 2019 च्या ऑगस्टमध्ये मीही कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर हाच विचार करत उभा होतो.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्या सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की "जेवलास का?" च्या आधी "आयर्विनला किती फूट?" असं विचारतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 1929 पासून हा पूल म्हणजे अख्ख्या गावाची फूटपट्टी. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं होतं, म्हणून सगळ्यांचा हिशेब तिथंच अडकलेला. मारुती चौकाजवळच्या माझ्या स्टुडिओत तेव्हा जेवढं पाणी आलं, त्याच्या वर दोन हात अंतर ठेवून मी फळ्या मारून घेतल्या होत्या. अल्बम, निगेटिव्हचे डबे, हार्ड डिस्क सगळं त्या फळ्यांवर ठेवलं, शटर ओढलं आणि लांब लेन्स घेऊन पुलाकडं पळालो. फोटो झकास आले. लाईकही बक्कळ. मी तिकडं फोकस लावत होतो तेव्हा मागं चौकात पाणी शिरत होतं.

त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. फळ्या, फळ्यांवरचा गणपती, बाहेरचा बोर्ड, सगळं आत.

पाणी उतरल्यावर शटर वर जाईना, पहारीनं उचकटलं. आत वीतभर काळा गाळ आणि तो वास. तो वास फोटोत येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं. वीस वर्षं धंदा करून असलं काही मनात आलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी गेल्या, लेन्समध्ये पुढं फंगस धरलं, ते सगळं पैशाचं नुकसान. त्याचं मी फारसं सांगणार नाही. ज्याचं त्याचं गेलंच होतं.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. शेजारचा किराणावाला आला, "जरा चार फोटो काढा हो, पंचनाम्याला लागतील." मग त्याच्या शेजारचा. मग गल्लीच. दारात टाकलेल्या गाद्या, फुगलेले सोफे, आडवा पडलेला फ्रीज, साखरेची गच्च झालेली पोती, भिंतीवरची पाण्याची रेघ. रेघेजवळ घरातल्या एका माणसाला उभं करायचं, म्हणजे उंची कळते. त्या आठवड्यात मी जेवढे फोटो काढले त्यांत फ्रेम-बिम काही नव्हतं. समोरून, सरळ, वस्तू पूर्ण दिसली पाहिजे, बस्स. आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक फोटोची कुणीतरी वाट बघत होतं. लग्नाचे अल्बम वर्ष वर्ष न्यायला येत नाहीत लोक. हे फोटो संध्याकाळी मागायला यायचे.

मग भिजलेले अल्बम यायला लागले. पिशवीतून, घमेल्यातून, एकानं तर दुधाच्या कॅनमधून आणले. तेव्हा एक कळलं ते आमच्या धंद्याला लाज आणणारं आहे. 1970-80 च्या काळातले काळ्या पानांचे अल्बम, कोपरे लावून बसवलेले कृष्णधवल फोटो, ते बऱ्यापैकी वाचले. आणि मी स्वतः हजारो रुपये घेऊन दिलेले करिष्मा अल्बम, म्हणजे जाड पानांवरच फोटो छापलेले, विटेसारखे चिकटले. पान सोडवायला गेलं की नवरीचा चेहरा समोरच्या पानावर जायचा. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोंची शाई तर वाहूनच गेली होती. लॅबचे जुने प्रिंट मात्र स्वच्छ गार पाण्यात भिजू दिले, न घासता, घाई न करता, तर हळूहळू सुटतात. मग चिमट्यानं दोरीवर. पण पुरानंतर स्वच्छ पाणी आणायचं कुठून? नळ बंद, टँकरची रांग. बायको म्हणाली, "प्यायला कळशी मिळंना आणि तुम्ही लोकांची लग्नं धुताय." बरोबरच होतं तिचं. तरी दुसऱ्या दिवशी तीच दोरी बांधत होती.

सांगलवाडीच्या एक आजी नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. एवढाच एक, हार घालायचा. काचेला पार चिकटलेला. असा फोटो ओढायचा नसतो, नाहीतर चेहरा काचेवर राहतो. काचेसकट कॉपी केली. डावा कान आणि अर्धा फेटा गेला होता. शेवटी त्यांच्या धाकट्या मुलाला खुर्चीवर बसवलं, त्याच बाजूनं उजेड घेतला आणि त्याचा कान वडिलांना बसवला. आजींनी फोटो हातात धरून बराच वेळ बघितला. "कान धाकल्याचा हाय," म्हणाल्या. मी गप्प. "ऱ्हाऊ दे. त्यो बी ह्यांचाच हाय की."

त्या दिवसांत भाच्यानं जपानमधल्या एका छायाचित्रकाराबद्दल पाठवलं. नाओया हाताकेयामा. चुनखडीच्या खाणी, सुरुंगाचे स्फोट असलं काम करून जगभर नाव झालेला माणूस. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत त्याचं गाव, रिकुझेनताकाता, वाहून गेलं. आई गेली, घर गेलं. त्यानंतर तो परत परत त्या गावाचेच फोटो काढत राहिला. मला जास्त लागलं ते पुढचं. गाव धड होतं तेव्हा त्यानं तिथले साधेसुधे फोटो सहज म्हणून काढून ठेवले होते, नदीचे, घरांचे, कुणाला दाखवायचे म्हणून नव्हे. पुढं पुस्तकात नंतरच्या फोटोंबरोबर छापावेत असे तेच ठरले. तिकडंच यामामोटो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले काही लाख फोटो धुतले, असंही वाचलं. मी दोरीकडं बघितलं आणि जरा बरं वाटलं. आपण एकटेच खुळे नाही.

आता माझं मत. ड्रोन उडवणाऱ्यांवर मी सरसकट चिडत नाही. 2019 ला सांगली-कोल्हापूर पाण्यात दिसलं म्हणून तर महाराष्ट्रभरातून ट्रक भरून मदत आली. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर छातीभर पाण्यात उभे होते, त्यांना सलाम. पण त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली तेव्हा मोबाईलवर जे फिरलं, त्याचं मी इथं वर्णनसुद्धा करणार नाही. आणि पुढं एका फोटो स्पर्धेत 'पूर' हा विषय आला तेव्हा मी पुलावरचे फोटो पाठवले नाहीत. पंचनाम्याचे पाठवावेत असं एकदा वाटलं, पण त्या गाद्या लोकांच्या आहेत. पूर बाहेरून बघताना तो फोटोत उतरतो. दारातून आत आला की तुम्ही फोटोग्राफर राहत नाही, आणि राहिलातच तर जरा वेगळे राहता, एवढं मी स्वतःवरून सांगू शकतो.

माझं काय बदललं? 2021 च्या जुलैत पाणी परत 54 च्या पुढं गेलं. तेव्हा पुलावर गेलोच नाही. डिस्क विश्रामबागला मेहुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर टाकल्या आणि गल्लीत सामान हलवणाऱ्यांचे फोटो काढत बसलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत देव्हारा, त्याच्यावर शिलाई मशीन, वर मांजर. अल्बमची पानं आता चिकटणार नाहीत अशी बनवून घेतो. थोडं महाग पडतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. लग्नाच्या घरी गेलो की विधी सुरू व्हायच्या आत एक चक्कर मारतो. उंबरा, स्वयंपाकघर, भिंतीवरचे फोटो, आणि घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक सरळ, दोन्ही कान दिसतील असा फोटो. माझा असिस्टंट ह्याला 'काकांचा पंचनामा' म्हणतो. एका नवरदेवानं विचारलंही, "गॅसच्या शेगडीचा फोटो कशाला काढला हो?" म्हटलं, पैसे लावले नाहीत त्याचे. हरिपूरच्या संगमावर प्री-वेडिंग मात्र अजून करतो. कृष्णामाईवर कसला राग धरायचा, आणि धंदा आहे शेवटी.

त्या पोराला मी म्हटलं, तुझं घर नदीकाठाला ना? मग आधी घरातल्या सगळ्यांचे एकेक फोटो काढ आणि कागदावर छापून आण, बघू. "बघतो काका," म्हणाला आणि फोन ठेवला. पुलावर उभं राहायची जागा त्यानं बहुतेक दुसऱ्या कुणाला तरी विचारली असणार.