वरचे वरच्यात, खालचे खालच्यात

आमच्या सोसायटीने माझे ५२० रुपये खाल्ले आणि वर पावतीही दिली.

प्रकरण टँकरचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाला घेऊन झोपणाऱ्या पुण्यात आमच्या कोथरूडच्या नळाला एप्रिलमध्ये नुसती हवा येते. पाणीपट्टी मात्र हवेचीही भरायची. तर, १२०० रुपयांचा एक टँकर शेजारच्या इमारतीबरोबर निम्मा-निम्मा घेतला, तेवढ्याच किमतीचा दुसरा तीन इमारतींत मिळून. आमच्या सोसायटीचा वाटा मी पदरचा भरला आणि तो मागायला खजिनदारकाकांकडे गेलो.

काकांनी व्हाउचरच्या पाठीवर मांडलं: १/२ + १/३ = २/५.

"बाराशेचे दोन पंचमांश. चारशे ऐंशी."

"काका, नुसत्या पहिल्या टँकरचेच सहाशे होतात."

"ते सुटे. हे एकत्रित."

"म्हणजे दुसरा टँकर आल्यावर पहिल्यातलं पाणी कमी झालं?"

"उन्हाळा आहे," काका शांतपणे म्हणाले.

मी म्हटलं, छेद वेगळे आहेत, आधी समच्छेद करा. दोन आणि तीनचा लसावि सहा. टँकरचे सहा भाग, भाग दोनशेचा. पहिल्यातले आपले तीन, दुसऱ्यातले दोन. पाच भाग, हजार रुपये.

"हे बघा, अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद. वरच्यांनी वरचं बघावं, खालच्यांनी खालचं. सोसायटीत राहता ना?" मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आमचा नातू एका मॅचला दोन चेंडूंत एक चौकार मारतो, दुसऱ्या मॅचला तीन चेंडूंत एक. पाच चेंडूंत दोन झाले की नाही?"

झाले! त्यात खोट काढता येईना. चेंडू सगळे एका मापाचे असतात, इथे एक तुकडा अर्ध्याचा आणि एक तिसऱ्या हिश्श्याचा, असं मी सांगू लागलो तेव्हा काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं तर तिसऱ्या हिश्श्याचे हाल जुनेच. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेतले मागच्या पिढ्यांनी. छेदात दोन नाहीतर चार. पण निदान जुन्या रुपयात सोळा आणे, आण्यात बारा पै, म्हणजे १९२ पै होत्या, तिसरा हिस्सा पाच आणे चार पै, चोख. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तोही आधार गेला.

समच्छेदाची रीत भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त दिली आहे, हेही काकांना सांगून पाहिलं.

"असेल. आपल्या उपविधींत नाही."

चारशे ऐंशीवर 'पूर्ण व अंतिम' अशी सही घेतली. बाकीचं वार्षिक सभेत, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये. त्या रांगेत लिफ्टचा पंखा दोन सभांपासून उभा आहे. आणि मेंटेनन्सला चार दिवस उशीर झाला की हेच काका २१ टक्क्यांनी दिवसांचं व्याज पैशापर्यंत काढून दारात उभे राहतात. तेव्हा त्यांचा ३६५ चा छेद कसा एकदाही चुकत नाही?