दरवाढीवर ओरडण्याआधी जरा हिशोब बघा

कॅलिफोर्नियात कोर्ट रिपोर्टरचे, म्हणजे कोर्टात बोललेला शब्दन् शब्द मशीनवर टिपून घेणाऱ्यांचे, दर वाढवायचा विषय निघाला की एकच ओरड ऐकू येते, ‘गरीब पक्षकार मेला!’ मला हे अर्धंच पटतं.

त्या नोंदीची लेखी प्रत म्हणजे उतारा, तो पक्षकार विकत घेतो. इथे सरकारी रिपोर्टरच्या उताऱ्याचे पैसे शब्दांवर ठरतात. १०० शब्दांना ८५ सेंट हा दर वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. २०२१ मध्ये तो १ डॉलर १३ सेंट झाला. दिवसभरात ४०,००० शब्द झाले असं धरा. पूर्वी ३४० डॉलर, आता ४५२. मशीन, सॉफ्टवेअर बहुतेकींचं स्वतःचं. उतारा तपासायला माणूस लावला तर त्याचे पैसेही त्यातूनच. आणि उतारा तयार होतो तो कोर्ट सुटल्यावर, घरी बसून.

मी अधूनमधून मराठी साक्षीदारांसाठी दुभाषी म्हणून बसतो. रिपोर्टर बाई हातभर अंतरावर असतात. मशीनला जेमतेम बावीस-तेवीस कळा, आवाज जवळजवळ नाहीच. परवान्याच्या परीक्षेत मिनिटाला २०० शब्द, तेही ९७.५ टक्के अचूक. सुट्टी झाली की त्या वही घेऊन माझ्याकडे येतात, ‘त्या गावाचं स्पेलिंग सांगा.’ साक्षीदाराचं मराठी कुठेच उतरत नाही, उतरतं ते माझं इंग्रजी. आपल्याकडे न्यायाधीश साक्षीचा मजकूर स्टेनोला सांगतात. इथे मी अडखळलो तर तेही कागदावर येतं!

आता गरिबाचं. जेमसन नावाच्या एका कैद्याने तुरुंगातल्या डॉक्टरवर दावा लावला होता. परिस्थिती बघून कोर्टाने त्याची कोर्ट फी माफ केली. पण सॅन डिएगोच्या त्या कोर्टाने दिवाणी खटल्यांना रिपोर्टर देणं थांबवलं होतं. हवा असेल तर स्वतःच्या खर्चाने आणा. कैदी कुठून आणणार? दावा सुरुवातीलाच निकाली निघाला आणि अपिलात सांगितलं गेलं, नोंदच नाही तर तपासायचं काय? शेवटी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फी माफ असलेल्याने मागितला तर रिपोर्टर द्यावाच लागेल. म्हणजे त्याला बुडवलं ते महाग उताऱ्याने नव्हे, लिहायला कोणी नव्हतं म्हणून.

आणि माणसं मिळेनाशी झालीत. लॉस एंजेलिसच्या कोर्टाने रुजू होणाऱ्याला पन्नास हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ केला होता. कौटुंबिक आणि मोठ्या दिवाणी खटल्यांत नुसतं रेकॉर्डिंग लावायला कायद्याची आडकाठी आहे. (ती असावी का, यावर इथे दोन तट आहेत. मी तूर्त त्यात पडत नाही.) अशा वेळी दर गोठवून नवी पोरं या धंद्यात येतील कशी?

तेव्हा दर वाढवा, आणि महागाईशी बांधून टाका म्हणजे दर वेळी नवं विधेयक नको. मात्र फी माफ असलेल्या पक्षकाराचं बिल थेट सरकारी तिजोरीतून जायला हवं. आज गरिबांच्या दिवाणी उताऱ्यांसाठी जो निधी आहे ना, तो रिपोर्टरांच्याच परवाना फीवर चालतो. राबायचं त्यांनी, वर दानधर्मही त्यांनीच करायचा, आणि सरकार नामानिराळं! विधेयकात दराच्या कलमाखाली एवढं एक कलम घाला, मग विरोध करणाऱ्या वकिलांशी मी स्वतः भांडायला येतो.