थोरल्या मुलीची गोष्ट

डायना विन जोन्स या इंग्रज कल्पनारम्य कादंबऱ्यांच्या लेखिकेवरचा लेख आवडला, पण त्यांच्या बालपणाला त्यात दोनच ओळी मिळाल्यात. माझ्या मते त्यांच्या कादंबऱ्यांचं मूळ तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या थॅक्स्टेडला त्यांचे आईवडील शिबिरांचं केंद्र चालवायचे, आणि तिन्ही मुलींना मुख्य घराबाहेर एका थंडगार झोपडीवजा जागेत ठेवलेलं. वडिलांनी मुलांसाठी लिहिणाऱ्या आर्थर रॅन्सम यांच्या पुस्तकांचा संच आणून चक्क कुलपात ठेवला. दर नाताळला त्यातलं एक पुस्तक बाहेर यायचं, तेही तिघींत मिळून! वाचायला काही मिळेना, म्हणून डायना स्वतःच वह्या भरभरून गोष्टी लिहू लागल्या आणि धाकट्या बहिणींना वाचून दाखवू लागल्या.

हे कळल्यावर 'हाउल्स मूव्हिंग कासल' (१९८६) या त्यांच्या कादंबरीतली सोफी मला नव्यानेच भेटली. तीन बहिणींतली थोरली. थोरल्यांच्या नशिबी काही चांगलं नसतंच, असं धरून टोप्यांच्या दुकानात मान खाली घालून शिवत बसते. शापाने म्हातारी होते, आणि मग कुठे तिला तोंड फुटतं! मीही घरातली थोरलीच. ती पानं वाचताना घसा दाटून आला होता.

ऑक्सफर्डमध्ये डायनांनी टॉल्किन आणि सी. एस. लुईस या कल्पनारम्य कथांच्या लेखकांची व्याख्यानं ऐकली, हे लेखात आहेच. याच कादंबरीवरचा, जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा २००४ चा चित्रपटही सुंदर आहे. पण ज्यांनी फक्त चित्रपट पाहिलाय त्यांनी पुस्तक जरूर वाचा. त्यातली सोफी जास्त चिडकी आहे, जास्त हट्टी आहे, आणि मला तीच जास्त जवळची वाटते.