जिन्यावरच्या कमळाच्या खिडकीबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही रिव्ह्यूत दोन तारे देऊन लिहिलंत की रंगीत काचांच्या जुन्या खिडकीच्या दुरुस्तीला सहा आठवडे सांगून आम्ही अकरा लावले, तीन निळ्या काचा जुन्या निळ्याशी जुळत नाहीत, खालच्या चौकटीवर काळं तेल ओघळलं, कमळावरची काळी रेघ तशीच राहिली, आणि एवढ्या पैशांत नवी खिडकी झाली असती. यातल्या तीन गोष्टी आमच्या चुका आहेत. आधी त्यांचं सांगतो.

उशीर झाला तो लोखंडी गजांमुळे. खिडकी उतरवल्यावर दिसलं की मागचे दोन्ही आडवे गज गंजून फुगलेत आणि कडेच्या काचांना रेटा देतायत. समुद्राच्या हवेत हे होतंच. ते काढून स्टेनलेस स्टीलचे गज करून घेण्यात महिना गेला. पण ज्या दिवशी हे कळलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. तुम्ही दोनदा विचारल्यावर सांगितलं, याची मला लाज वाटते.

काळं तेल त्याच उशिराचं पोर आहे. शिशाची पट्टी दोन्ही बाजूंनी काच धरते, पण पट्टीच्या ओठाखाली फट राहते. तिच्यात खडूची पूड, जवसाचं तेल आणि काजळी यांचं लुकण ब्रशने दाबून भरावं लागतं. त्यानेच पाऊस अडतो आणि खिडकी ताठ राहते. हे लुकण वाळायला काही आठवडे लागतात, आपल्या दमट हवेत जरा जास्तच. तुमच्या घरचं कार्य जवळ आलं होतं म्हणून आम्ही ते पुरतं वाळायच्या आत खिडकी बसवली, आणि दुपारच्या उन्हात तेल सुटलं. डाग काढून चौकटीला पॉलिश करून देणं आमच्याकडे लागलं.

निळ्या काचांची चूक माझीच. जुनी निळी काच तोंडाने फुगवून केलेली आहे. तिच्यात बुडबुडे आहेत, जाडीही सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे रंग एका तुकड्यातच गडद-फिका होतो. नवी काच मी कारखान्यात ट्यूबलाइटखाली जुळवली. तिथे जुळली. तुमची खिडकी पश्चिमेची, आणि चारच्या उन्हात नवा निळा किंचित जांभळट दिसतो. रंग जुळवायचा तो त्याच खिडकीत, त्याच उजेडात. हे मला ठाऊक असूनही मी टाळलं. तिन्ही काचा बदलून देईन, पैसे न घेता.

आता कमळ. इथे मात्र माझं ऐका अशी विनंती आहे.

ती काळी रेघ आमची नव्हे. फार पूर्वी पाकळीची काच तडकली, तेव्हा कुणीतरी भेगेवर शिशाची बारीक पट्टी घातली. तडा नुसता असता तर पट्टी काढून रेझिनने काच सांधता आली असती, रेघ जवळजवळ दिसली नसती. पण पट्टी बसावी म्हणून त्या कारागिराने दोन्ही कडा पकडीने कुरतडून कमी केल्या आहेत. पट्टी काढली की दोन मिलिमीटरची फट उरते, आणि तिथली काच आता जगात कुठेच नाही. दुसरा मार्ग एकच: पूर्ण पाकळी नवी रंगवून, भट्टीत साधारण साडेसहाशे अंशांवर भाजून बसवायची. ते आम्हाला जमतं. तरीही मी केलं नाही, कारण त्या पाकळीवरच्या तपकिरी शिरा पहिल्या चित्रकाराच्या हातच्या आहेत आणि बाकीच्या चार पाकळ्यांशी त्यांचा वेग जुळतो. आमच्या हाताचा जुळेलच असं नाही. चूक झाली ती एवढीच, की हे मी परस्पर ठरवलं, तुम्हाला तुकडा दाखवून विचारलं नाही.

नव्या खिडकीबद्दल म्हणाल, तर शिसं शंभरेक वर्षांत थकतं. उन्हाने ते काचेच्या जवळजवळ तिप्पट फुगतं, पुन्हा आकसतं, शेवटी चिरतं आणि खिडकीला पोट सुटतं. काच मात्र तशीच राहते. म्हणून शिसं बदलायचं आणि काच राखायची. तुम्ही ज्या राजाबाई टॉवरचा दाखला दिलात, तो १८७८ साली पूर्ण झाला, आणि तिथल्या ग्रंथालयाच्या रंगीत काचा अजून उजेड देतायत. तुमची खिडकी त्याच जातीची आहे.

एक काळजीची गोष्ट. रिव्ह्यूत तुम्ही बाथरूमच्या ॲसिडने काच लख्ख करून घेण्याचं लिहिलंय. कृपया करू नका. पाकळ्यांवरचा रंग जागोजागी सुटत आलाय, तो एका पुसण्यात जाईल. शिशावर कधी पांढरी भुकटी दिसली तर लहानग्याला हात लावू देऊ नका, ती विषारी असते. मला कळवा.

येत्या बुधवारी साडेतीनला निळ्याचे तीन नमुने घेऊन मी स्वतः येतो. चारच्या उन्हात खिडकीला लावून बघू, निवड तुमची. कमळाचंही तुम्हीच ठरवा. नवी पाकळी हवीच असेल तर तिच्या कडेवर ती केल्याचं वर्ष कोरून बसवू आणि जुने दोन्ही तुकडे कापसात बांधून तुमच्या हाती देऊ. तुमचं उत्तर येईपर्यंत कमळाला हात लावणार नाही.