"आपण कोणत्या संस्थेत?"

आज संध्याकाळी कणमय पदार्थांवरचे एक जाहीर व्याख्यान ऐकायला गेले होते. वाळू, मणी, औषधांच्या गोळ्या असे सुटे कण छिद्रातून कसे वाहतात आणि वाहता वाहता अचानक का तुंबतात, हा विषय होता. व्याख्यान फारच चांगले झाले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर मी हात वर केला. छिद्राच्या वर योग्य उंचीवर अडथळा ठेवला तर तुंबण्याचे प्रमाण खूप कमी होते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. पण दोन आकारांचे कण मिसळले तर ती योग्य उंची बदलते का, असे मला विचारायचे होते. प्रश्न पुरा होण्याआधीच सूत्रसंचालकांनी विचारले, "आपण कोणत्या संस्थेत?" मी म्हणाले, कोणत्याच नाही; मी विम्याचे दावे तपासण्याची नोकरी करते आणि हे प्रयोग रात्री घरी करते. "अरे वा, छान छंद आहे," असे म्हणून त्यांनी ध्वनिक्षेपक पुढच्या रांगेत दिला. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ते "छान छंद" काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

छंद आहे, हे मला मान्यच आहे. त्यातून मला पगार मिळत नाही, पदवी मिळणार नाही आणि कोणी बढतीही देणार नाही. पण छंद म्हटले की त्यात शिस्त नसणार, प्रश्न खरा नसणार आणि उत्तर दिले नाही तरी चालेल, असे जे गृहीत धरले जाते, त्याचा मला संताप येतो.

मी काय करते ते सांगते. पाण्याच्या टाकीला खाली भोक पाडले तर पातळी उतरते तशी धारही मंदावते. वाळूच्या घड्याळात तसे होत नाही. वर वाळू खूप असो वा थोडी, ती जवळजवळ एकाच वेगाने पडत राहते. उभ्या पात्रातल्या कणांचे बरेचसे वजन घर्षणामुळे भिंती पेलतात आणि तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे जर्मन अभियंते यान्सन यांनी १८९५ मध्ये मांडले. प्रवाह स्थिर राहण्याचे कारण म्हणून हेच सांगण्याची पद्धत आहे. ते पुरेसे नाही, कारण तळावरचा दाब बदलत असतानाही प्रवाह बदलत नाही, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे; खरा खेळ छिद्राच्या अगदी लगतच्या भागात चालतो. बेवर्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, छिद्राच्या व्यासातून कणाच्या व्यासाच्या दीडपटीच्या आसपास वजा करावे आणि उरलेल्या लांबीचा अडीचावा घात घ्यावा, म्हणजे प्रवाह त्या प्रमाणात मिळतो. इतके साधे सूत्र, आणि त्यामागचे कारण अजून वादाचे आहे!

माझ्याकडे एक पारदर्शक नळी आहे, काचेचे मणी आहेत, वेगवेगळ्या व्यासांची छिद्रे पाडलेल्या चकत्या आहेत आणि खाली ठेवलेला डिजिटल वजनकाटा आहे. त्याच्या आकड्यांचे मोबाइलवर चित्रण करून मी ते एकेक चौकटीने उतरवून घेते. छिद्र कणाच्या व्यासाच्या चार-पाच पटींहून लहान असले की मणी वाहता वाहता थबकतात. विजेरी घेऊन खालून पाहिले की कमान स्पष्ट दिसते. मोजके मणी एकमेकांना रेलून उभे असतात आणि वरचा सगळा भार त्यांच्यावर असतो. नळीवर नखाने टिचकी मारली की कमान ढासळते आणि धार पुन्हा सुरू होते. हवा दमट असली की मणी एकमेकांना चिकटतात, फार कोरडी असली की स्थितिक विजेने नळीला चिकटतात. म्हणून प्रत्येक मापनाशेजारी हवेतल्या आर्द्रतेची नोंद असते. माझ्या वहीत हे सगळे आहे, पण ती वही उघडून दाखवायला आज कोणी सांगितले नाही.

यावर कोणी आइन्स्टाइन यांचे नाव घेणार असेल, तर कृपया घेऊ नये. १९०५ मध्ये ते पेटंट कार्यालयात नोकरी करत होते हे खरे, पण त्यांच्याकडे भौतिकशास्त्राची पदवी होती आणि त्याच वर्षी त्यांनी झुरिक विद्यापीठाला प्रबंधही सादर केला. मला आठवण होते ती आग्नेस पॉकेल्स यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळत या बाईंनी स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठताणाचा अभ्यास केला. पत्र्याचे पन्हाळे काठोकाठ भरायचे, पाण्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवायची आणि ती सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करायचा. तराजूला टांगलेली लहानशी चकती पृष्ठभागावरून उचलायला किती जोर लागतो, ते मोजायचे. पाण्यावर तेलकटपणाचा नुसता अंश असला तरी आकडे बदलतात, म्हणून स्वच्छतेवर त्यांचा सगळा भर होता. सुमारे दहा वर्षे काम केल्यावर जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी ते पत्र भाषांतर करवून 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाकडे शिफारशीसह पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्युअर यांनी ज्या उपकरणाने पृष्ठभागावरचे थर मोजले, त्याचे मूळ त्या पन्हाळ्यात आहे. रॅले यांनी सूत्रसंचालकांसारखे केले असते तर?

अमेरिकेतले रेडिओ अभियंते ग्रोट रेबर यांनी १९३७ मध्ये घरामागच्या अंगणात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण स्वतः बांधली. दिवसा नोकरी, रात्री निरीक्षण. रेडिओ लहरींच्या पहिल्या दोन कंप्रतांवर (वारंवारतांवर) काहीच सापडले नाही. १६० मेगाहर्ट्‌झवर आकाशगंगेतून येणारे संकेत मिळाले. रामन १९०७ ते १९१७ अर्थखात्यात नोकरी करत होते आणि कामाआधी व कामानंतर कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत तंतुवाद्यांवर प्रयोग करत होते. नोबेल मिळवून देणारा शोध त्यांनी नंतर, प्राध्यापक असताना लावला, हे खरे आहे. पण ती दहा वर्षे नसती तर ते प्राध्यापक तरी कशाच्या बळावर झाले असते?

संस्थांमधल्या लोकांची बाजूही मला कळते. ऊर्जा न पुरवता कायम चालणारी यंत्रे आणि "सापेक्षता खोटी आहे" असे ठासून सांगणारी पत्रे त्यांच्याकडे सतत येतात, आणि ती वाचून माणूस वैतागतो. घरी बसून कोणी कणत्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, बांधू शकत नाही, हेही कबूल. पण म्हणून वही न पाहताच माणसाची रवानगी करायची?

आणि मग तेच लोक म्हणतात की विज्ञान सर्वांसाठी खुले आहे! सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा आणि गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा यांची मापने खुली आहेत, १९९१ पासून अर्काइव्ह या इंटरनेटवरच्या संग्रहात शोधनिबंध फुकट वाचता येतात, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. ते नसते तर मी सुरुवातही करू शकले नसते. मात्र तिथेच स्वतःचे काम पहिल्यांदा ठेवायचे म्हटले की बहुधा आधीच्या लेखकाचे अनुमोदन लागते, आणि अनेक जुने निबंध अजूनही पैसे मोजल्याशिवाय उघडत नाहीत. संस्थेतल्या माणसाला हे दार जाणवतही नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण एक गोष्ट आठवली. मागे मी माझे तक्ते एका संशोधकांना पाठवले होते. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. त्यांनी सविस्तर लिहिले आणि सुरुवातीलाच विचारले, मणी कशाने धुता, वाळवता कसे, आणि त्याच मण्यांवर पुन्हा मोजता की दर वेळी नवे घेता? वापराने मण्यांचा पृष्ठभाग घासला जातो आणि घर्षण बदलते, याकडे माझे लक्ष त्यांनी वेधले. पत्र कडक होते. त्यात कौतुकाचा एक शब्दही नव्हता आणि मी कुठे काम करते याची चौकशीही नव्हती. मला एवढेच हवे असते. आज सभागृहात कोणी "तुमची मोजण्याची पद्धत चुकीची आहे" असे म्हणाले असते, तर मी आनंदाने घरी येऊन पुन्हा मोजायला बसले असते.

वक्त्यांना आज रात्रीच ईमेल लिहिणार आहे, तोच प्रश्न, आलेखासह. आणि तुमच्यापैकी जे फावल्या वेळात असे काही मोजतात, त्यांना एक विनंती आहे. दोन आकारांच्या मण्यांचे माझे आकडे दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे तपासायला हवे आहेत. नळीचा व्यास, चकत्यांची मापे आणि मणी धुण्याची रीत मी लिहून पाठवीन. माझे निकाल मात्र तुमचे मोजून होईपर्यंत सांगणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी खाली कळवावे.