फलक लागतात, पत्ता कोणी सांगत नाही

दरवर्षी १० ऑक्टोबर जवळ आला की नाशिकमध्ये जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फलक लागतात, फेऱ्या निघतात, दीपप्रज्वलन होते, आणि दीड-दोन तास भाषणे ऐकून लोक घरी परततात, तेव्हा घरातले कोणी रात्र-रात्र जागून काढत असेल तर उद्या सकाळी त्याला नेमके कुठे न्यायचे, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कळलेले नसते. याला जनजागृती म्हणतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

यंदा इंदिरानगरमधल्या एका कार्यक्रमात प्रमुख वक्त्यांनी ‘सकारात्मक विचार करा, मन खंबीर ठेवा’ यापलीकडे काहीच सांगितले नाही. ज्याला अंथरुणातून उठणे अशक्य झाले आहे, त्याला खंबीर राहायला सांगणे म्हणजे आजाराचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. श्रोत्यांतल्या एका बाईंनी मुलाच्या औषधांविषयी विचारले, तर ‘गोळ्यांची सवय लागते, शक्यतो टाळाच’ असे उत्तर मिळाले. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची दारूसारखी चटक लागत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता ती एकाएकी सोडली तर त्रास वाढू शकतो. असे असताना हा सल्ला मंचावरून दिला गेला, कोणीही त्यांना थांबवले नाही आणि शेवटी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. त्या माउलीने घरी जाऊन काय केले असेल, या विचाराने माझे डोके अजून तापते.

सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक त्रासाबाबत फोनवरून सल्ला देणारी सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. त्याच कायद्याचे कलम ११५ असे सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे मानावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची तरतूद सरकारने करावी. पोलीस केस होईल या धास्तीने आजही घरचे लोक दवाखान्यात खरे कारण लपवतात, आणि त्यात उपचारांचा मोलाचा वेळ जातो. एवढे एक कलम मोठ्याने वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली नसती!

शिवाय हे सगळे सोहळे शहराच्या सुखवस्तू भागातच का व्हावेत? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांपर्यंत आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष उत्पादकांपर्यंत ते पोहोचतच नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. ही माणसे सभागृहात टाळ्या वाजवायला येणार नाहीत. गारपिटीत बाग झोपली की पंचनाम्यासाठी तलाठी बांधावर जातो. त्याच आठवड्यात त्याच बांधावर समुपदेशक का जात नाही, याचे उत्तर फेऱ्या काढणाऱ्यांनी आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांनी द्यावे.