ॲनिमोन महिनाभर टिकला म्हणजे रुजला असं नव्हे

खाऱ्या पाण्याची टाकी नव्यानं लावणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. टाकीची सायकल पूर्ण झाली, म्हणजे जिवाणू रुजून पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आला, की महिन्याभरात ॲनिमोन, म्हणजे शुंडकांचा फुलासारखा दिसणारा सागरी जीव, आणा. माशांसाठी लावलेला दिवा त्याला पुरतो. त्याच्या शुंडकांत आसरा घेणारा क्लाउनफिश मासा सोबत असला की तोच त्याला भरवतो. जागा त्याची तो शोधतो. आणि मेलाच तर मनाला लावून घेऊ नका, या जिवाचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं.

हे सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचा ॲनिमोन पहिले काही आठवडे खरोखरच टवटवीत दिसलेला असतो आणि घोळ नेमका तिथेच आहे. उपाशी ॲनिमोन मरायला महिने लावतो. अंगातला साठा जाळत तो हळूहळू लहान होत जातो, आणि रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते जाणवत नाही. चूक पहिल्या दिवशी होते, मरण सहाव्या महिन्यात येतं. दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

"आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं"

हा मुद्दा आधी खोडायला हवा, कारण बाकीच्या सगळ्या चुका त्याच्या आड लपतात. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला. खुद्द डॅलिएल १८५१ मध्ये वारले, तरी पुढच्या सांभाळणाऱ्यांकडे तो जगतच राहिला. ती थंड पाण्यातली जात, ॲक्टिनिया इक्विना. तिच्या अंगात शैवाल नसतं, त्यामुळे तिची निगा आपल्या उष्ण पाण्यातल्या जातींना जशीच्या तशी लागू नाही. पण बंदिस्त पाण्यात एकोणसाठ वर्षं निघू शकतात, तर वर्षभरात मेलेला ॲनिमोन म्हातारपणानं गेला असं म्हणवत नाही. तो आपल्या टाकीत काहीतरी कमी पडल्यामुळे गेला.

"माशांचा दिवा पुरतो"

सर्वांत जास्त ॲनिमोन याच वाक्यानं मारले आहेत. क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या जातींच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात साखर तयार करतं आणि ॲनिमोनच्या ऊर्जेचा मोठा वाटा तिथूनच येतो. मासे नीट दिसावेत म्हणून बसवलेल्या दिव्यात हा कारखाना अर्ध्या क्षमतेनंही चालत नाही. आधी शुंडकं आणि पायाचा देठ उजेडाकडे ताणले जातात, मग तपकिरी झाक उतरते, मग आकार घटतो.

उजेड पार मीटरनं, म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रानं मोजा, आणि ॲनिमोनची तबकडी (शुंडकांचा वरचा पसरट भाग) जिथे असेल तिथे मोजा. पाण्याच्या पृष्ठभागावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. बबल टिप या जातीला साधारण १५० ते २५० पार आणि रोज ८ ते १० तास उजेड लागतो. मॅग्निफिका आणि जायगँटिया कार्पेट या जातींना ३०० च्या वर. मात्र नवा ॲनिमोन पहिल्या दिवशीच पूर्ण उजेडात ठेवला तर शैवाल बाहेर टाकून तो पांढरा पडतो. दिवा निम्म्यावर आणून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवा.

विकत घेतानाही याच नजरेनं बघा. शुभ्र पांढरा, जांभळ्या टोकांचा ॲनिमोन ही बहुधा वेगळी सुंदर जात नसते, ते उपाशी जनावर असतं. लिंबासारखा भडक पिवळा दिसला तर पांढऱ्या पडलेल्याला रंग दिला असल्याचा संशय घ्या. अनुभवी हातांत असा जीव सावरतो, पण त्याला कित्येक महिने मंद प्रकाश आणि वारंवार बारीक खाणं लागतं. पहिलाच ॲनिमोन असा घेऊ नये.

"सायकल झाली की आणा"

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येणं ही सुरुवात आहे. नव्या टाकीत क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण), अल्कलिनिटी (आम्लता आवरण्याची पाण्याची ताकद), पोषकद्रव्यं रोज हिंदकळतात. माशाला मूत्रपिंडं आहेत, तो आपल्या अंगातलं मीठ आवरू शकतो. ॲनिमोनच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतं. हिशेब बघा: १०० लिटरच्या टाकीतून दिवसाला २ लिटर पाणी उडालं की ३५ पीपीटीचे (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३५.७ होतात. तीन दिवस भर घातली नाही की ३७.२. मग एकदम ६ लिटर गोडं पाणी ओतलं की पुन्हा धक्का. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारं यंत्र) लावा आणि त्यात आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणी भरा, मिठाचं नव्हे.

किमान सहा महिने जुनी, शक्यतो वर्षभर स्थिर असलेली टाकी हवी. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ ते २७ अंश, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. ही दोन्ही शून्यावर आणून ठेवायची हौस सोडा, कारण अंगातल्या शैवालालाही खत लागतं. त्या टाकीत पूर्वी तांब्याचं औषध वापरलं असेल तर तिथे ॲनिमोन नको. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात.

"क्लाउनफिश भरवतो"

कधीकधी मासा तुकडा आणून शुंडकांवर टाकतो, हे खरं. पण तोच मासा ॲनिमोनच्या तोंडातला घास ओढूनही नेतो. माशाचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया शैवालाला मिळतो आणि रात्री त्याच्या हालचालीनं शुंडकांमध्ये प्राणवायू खेळतो. मात्र लहान किंवा नुकत्याच आणलेल्या ॲनिमोनवर मोठा क्लाउनफिश दिवसभर अंग घासत राहिला तर ॲनिमोन उघडतच नाही. तबकडी माशाच्या लांबीच्या दुप्पट तरी हवी. बंदिस्त वाढवलेल्या क्लाउनफिशला ॲनिमोनवाचून काही अडत नाही, त्यामुळे माशासाठी म्हणून घाई करायचं कारणच नाही.

भरवायचं आपणच. आठवड्यातून एक-दोनदा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा कोळंबीचा अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा घ्या. पंप १०-१५ मिनिटं बंद करा आणि चिमट्यानं शुंडकांवर ठेवा, तोंडात कोंबू नका. दिवसभरात तो तसाच बाहेर आला तर घास मोठा झाला. तपकिरी दोरीसारखी विष्ठा तोंडातूनच येते, तिला दुसरी वाट नाही. तेव्हा थोडा वेळ आक्रसणंही नेहमीचंच.

"जागा त्याची तो शोधतो"

शोधतो, पण वाटेत पंप असतो. पात्यात सापडलेल्या ॲनिमोनचे तुकडे आणि दंशपेशी पाण्यात पसरतात आणि मासेही मरू शकतात. आणण्याआधीच प्रत्येक पंपाला जाळी किंवा स्पंज, हीटरला आवरण आणि ओव्हरफ्लोला (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेला) बारीक जाळी लावा. स्पंज दर आठवड्याला धुवा, नाहीतर प्रवाह मंदावतो.

जागा जातीप्रमाणे द्या. बबल टिपला दगडातली खोल फट हवी, जिथे पाय लपेल आणि तबकडी उजेडात राहील. हॅडोनी कार्पेट या जातीला ७ ते १० सेंटिमीटर वाळू. मॅग्निफिकाला उंचावरचा दगड आणि जोरकस, उलटसुलट प्रवाह. सोडताना तासभर पंप बंद ठेवा. गोंद कधीही वापरू नका. आठवडाभर भटकत राहिला तर प्रवाह आणि उजेड तपासा, त्याला पुन्हापुन्हा उचलून जागेवर आणू नका. चिकटलेला पाय ओढून काढलात तर फाटतो आणि ती जखम सहसा कुजते. हलवणं भागच असेल तर दगडासकट हलवा.

रोज एकदा तोंड बघा. दिवसभराहून जास्त वेळ ते आ वासून उघडं राहिलं, शुंडकं चिकटेनाशी झाली, पाय सुटला आणि अंगाचा चिकट लगदा होऊ लागला, तर रात्रभर वाट बघू नका. हातमोजे घालून तो भांड्यात घेऊन पाण्याबाहेर काढा, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, ३० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया पुन्हा मोजा.